तापल्या दगडाचा शेक

थंडीत हळदीची काढणी सुरू झाली, की आष्ट्याच्या आमच्या घरात रात्रीचं एक काम ठरलेलं असे. दिवसभर वाकून हळद काढलेल्या बायकांच्या कमरा संध्याकाळपर्यंत धरलेल्या असत. जेवणं उरकली, की आज्जी चुलीतल्या निखाऱ्यांशेजारी ठेवलेला काळा दगड चिमट्यानं बाहेर ओढी आणि त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडी. थेंब चरचरून उडाले, तर दगड तसाच बाजूला राही. नुसती वाफ आली, की तो जुन्या लुगड्याच्या घड्यांत गुंडाळला जाई. मग कमरेला तेल, खाली दगड आणि वरून वाकळ. आज्जी बजावून सांगे, "सोसंल तेवढंच. घाम फुटला की पुरं."

आज्जी लग्न होऊन आली, तेव्हा आष्टा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. जिल्ह्याचं नाव बदललं, शेक तोच राहिला. तो किती जुना आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी चरकसंहिता वाचताना कळलं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय घाम काढण्याच्या उपचारांचा आहे. अग्नीच्या साहाय्यानं द्यायच्या शेकाचे तेरा प्रकार तिथं सांगितले आहेत. त्यातल्या एकाचं नाव 'अश्मघन'. माणूस झोपू शकेल एवढी शिळा वातशामक लाकडांनी तापवायची, निखारे झाडून टाकायचे, गरम पाणी शिंपडायचं, वर रेशमी किंवा लोकरी वस्त्र अंथरायचं. अंगाला तेल लावून रोग्यानं त्यावर पांघरूण घेऊन झोपायचं. शिळा लहान केली, रेशमाच्या जागी लुगडं घातलं, की झाला आमच्या आज्जीचा शेक!

दुसरा प्रकार 'जेंताक'. पाण्याजवळ गोल घर, मध्ये निखाऱ्यांची भट्टी आणि भिंतीलगत बसायचा कट्टा. बौद्ध भिक्खूंच्या विनयग्रंथांत अशाच उष्णगृहाला 'जंताघर' म्हटलं आहे. भिक्खूंच्या प्रकृतीसाठी ते असावं, असं जीवक वैद्यानं बुद्धांना सुचवल्याची कथा तिथं येते.

जगात इतरत्रही हेच दिसतं. फिनलंडमध्ये तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घेतात. त्या 'सौना' परंपरेची युनेस्कोनं २०२० साली वारसा म्हणून नोंद केली. भूतानात नदीतले दगड लालभडक तापवून लाकडी हौदातल्या पाण्यात सोडतात आणि दवण्याच्या जातीची वनस्पती घालून त्यात बसतात.

एवढ्या दूरच्या लोकांना दगडच का सुचावा? कारण साधं आहे. लाकडी भांडं चुलीवर ठेवता येत नाही, पण तापलेला दगड त्यात टाकता येतो. वजनाला वजन धरलं, तर दगडात पाण्याच्या साधारण एक-पंचमांश उष्णता मावते. पण पाणी शंभर अंशांना उकळतं, दगड मात्र कित्येक शे अंश तापतो आणि मग सावकाश निवतो. एक धोका मात्र आहे. ओला दगड आगीत घातला, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो.

पण चरकांनी शेक कसा द्यायचा एवढंच सांगितलेलं नाही. तो कधी थांबवायचा आणि कुणाला द्यायचाच नाही, हेही सांगितलं आहे. थंडी आणि वेदना शमल्या, ताठरपणा गेला, अंग मऊ होऊन घाम आला, की थांबावं. डोळे आणि हृदय यांना जपावं. आज्जीला अक्षरओळख नव्हती, पण "घाम फुटला की पुरं" हा तिचा नियम त्याच जातीचा.

आज्जी गेली आणि आमच्या घरात दगड तेवढा उरला. माझ्या एका काकांना मधुमेह होता. एका थंडीत पाय गार पडले म्हणून त्यांनी शेक घेतला. ऊब लागेना, म्हणून दगड पुन्हा तापवला. सकाळी तळव्यावर मोठाले फोड! जखम चिघळली, पायाची दोन बोटं काढावी लागली. ज्यांना शेक देऊ नये, त्यांच्या चरकांच्या यादीत गर्भवतीबरोबर मधुमेहीही आहे. त्यांची उपपत्ती त्यांच्या शास्त्राची होती. आजचं वैद्यक सांगतं, की मधुमेहात पायांच्या नसा बधिर होऊ शकतात. चटका बसतो, पण तो कळत नाही. "सोसंल तेवढंच" हा नियमही तिथं उपयोगाचा नाही, कारण सोसण्याची जाणीवच गेलेली असते.

बाळंतिणीच्या बाजेखालच्या शेगडीचंही असंच. ऊब हवी, हे घरोघरी लक्षात राहिलं. पण बंद खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू साचतो आणि त्याला वासही नसतो, हे सांगणारं कुणी नव्हतं.

जुनं ते सगळं सोनं नाही आणि सगळं टाकाऊही नाही. थकलेल्या कमरेला ऊब बरी वाटते, हे खरंच. त्या निमित्तानं राबणाऱ्या बाईला तासभर पडून राहायला मिळे, हाही औषधाचाच भाग असेल. तो काळा दगड अजून आमच्याकडे आहे. कुणी मागितला, तर मी देतो, पण आधी विचारतो, "साखर आहे का?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)