मुद्रिका, नोंदवही आणि पाळत

आपल्या भागात पारगावे एकाहून अधिक आहेत. एक जुन्नर तालुक्यातले, आळे तर्फेचे. दुसरे आंबेगाव तालुक्यातले, अवसरी बुद्रुक तर्फेचे, जिथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. पत्त्यात तालुका लिहायचा राहिला, तर पत्र भलत्याच पारगावात जायला कितीसा वेळ? पत्राचे एक बरे असते. ते चुकले तर पोस्टमन परत नेतो. फार तर चार दिवसांचा उशीर होतो, झालं. पण पत्त्यावरून पत्र पोचवायचे नसून माणूसच शोधून काढायचा असेल, आणि तोही गुन्हेगार म्हणून, तर? आज गाणे, चित्रपट, पुस्तक हे सारे आंतरजालावरून घरात येते. त्याच्या चोरीचा माग काढायचा, तर तो अशाच एका पत्त्यावरून काढावा लागतो. ही रीत कोठून आली आणि तिच्यापायी सामान्य माणसाच्या खासगीपणाचे काय होते, याचा थोडा इतिहास आज आपण पाहू.

‘हे माझे आहे’ असे सांगायची आपली जुनी तऱ्हा फार साधी होती. अभंगाच्या शेवटच्या चरणात तुकोबांचे नाव येते, लावणीच्या अखेरीस होनाजीचे किंवा राम जोशांचे. यालाच मुद्रिका म्हणतात. कवी आपले नाव आपल्या हाताने गाण्यात गुंफून ठेवी आणि मग गाणे मोकळे सोडी. कोणी ते वहीत उतरवून घेतले, कोणी कोठल्या चावडीवर म्हटले, याची नोंद ठेवण्याचे कोणाला कारण नव्हते. मुद्रिकेने कर्ता कळे; ऐकणारा कोण, हे कळत नसे. अर्थात तिने कर्त्याच्या पोटाला भाकरीही मिळत नसे, हेही येथेच सांगितले पाहिजे.

छापखाने आले आणि चित्र पालटले. पुस्तकावरील मालकीचा, म्हणजे कॉपीराइटचा, पहिला कायदा कंपनी सरकारने १८४७ साली केला. पण माझ्या मते खरा अभ्यासण्यासारखा कायदा १८६७ चा पंचविसावा. त्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण छापणे सक्तीचे झाले. प्रती सरकारात जमा करायच्या आणि सरकारी वहीत नोंद व्हायची. त्या नोंदीची कलमे पाहिली म्हणजे मौज वाटते. पुस्तकाचे नाव, भाषा, कर्ता, विषय, मुद्रक व प्रकाशक, पृष्ठे, आकार, आवृत्ती कितवी, प्रती किती, छाप खिळ्यांचा की शिळेचा, किंमत काय, आणि शेवटी कॉपीराइट ज्याचा त्याचे नाव व राहण्याचे ठिकाण! या नोंदीवर दोन रुपये भरले, की तीच नोंद १८४७ च्या कायद्याखालील मालकीची नोंद समजली जाई.

पाहा बरं, एकाच वहीत दोन कामे झाली. लेखकाला त्याच्या मालकीचा पुरावा मिळाला, आणि कोण काय छापतो, किती छापतो, कोठे राहतो, याचा आयता तक्ता सरकारला मिळाला. दर तिमाहीला ही यादी सरकारी गॅझेटात प्रसिद्ध होई. आम्हा इतिहासाच्या माणसांना या याद्या म्हणजे खजिनाच. एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तकांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे त्यांच्यामुळे ठाऊक आहे. पण ज्यांची नावे त्यांत होती, त्यांना ती वही निराळी दिसत असणार. १९०९ साली नाशिकच्या बाबाराव सावरकरांना कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १९१० च्या प्रेस ॲक्टाने छापखान्यांकडून जामीनकी घ्यायची आणि ती जप्त करायची सोय केली. छापखाना कोणाचा आणि पत्ता काय, हे शोधत बसण्याची सरकारला गरज नव्हती. ते सारे आधीच लिहून दिलेले होते. तरीदेखील एक मर्यादा होती. नाव लागे ते कर्त्याचे आणि छापणाराचे. वाचणारा त्या वहीच्या बाहेर होता.

आता आपल्या नारायणगावाकडे वळू. यात्रेच्या हंगामात तमाशाच्या फडांच्या राहुट्या तेथे लागतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या ठरवतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर तेथल्याच. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीला अखेरच्या आजारपणात पैशांची चणचण सोसावी लागली. २००२ साली त्या गेल्या. कॅसेटी आल्या तेव्हा लावणी घरोघर गेली आणि चोरट्या कॅसेटी तिच्या पाठोपाठ गेल्या. कॅसेटीनंतर चकत्या, चकत्यांनंतर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डावर ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ पडद्यावर असतानाच त्याची चोरटी प्रत आंतरजालावर फुटली. गाणाराचे, लिहिणाराचे, चित्रपट काढणाराचे यात खरेच नुकसान होते. ‘एवढ्याने काय बिघडते’ असे म्हणणाराने एकदा फडमालकाचा हंगामाचा हिशेब पाहावा.

स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९८४ साली, मुख्यतः चोरट्या कॅसेटींपायी, तो कडक झाला. आज त्याखाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचे चौसष्टावे कलम फौजदाराच्या दर्जाच्या किंवा त्यावरील पोलीस अधिकाऱ्याला, गुन्हा झाला आहे किंवा होण्याचा संभव आहे अशी खात्री पटली तर, नकली प्रती वॉरंटावाचून ताब्यात घेऊ देते.

हे कलम घडले ते कॅसेटीच्या काळात. कॅसेट उचलून नेली तर गाणेच गेले. पण आज ‘प्रत’ असते ती मोबाइलमध्ये, आणि त्याच मोबाइलमध्ये घरच्यांचे निरोप, बँकेचे व्यवहार, डॉक्टरांचे कागद, लेकीबाळींची छायाचित्रे असतात. एका लावणीपायी सगळे घरच पंचनाम्यात येते. कायद्याचे शब्द तेच राहिले, जप्तीच्या पिशवीत पडणारी वस्तू मात्र बदलली.

आणखी एक गंमत. पूर्वी दावा लावायचा तर प्रतिवादीचे नाव लागे. आंतरजालावर चोर बिननावाचा. मग विलायतेकडच्या ‘जॉन डो’ची कल्पना इकडे आली. २००२ सालच्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्यावाचून सामने दाखवणाऱ्या केबलवाल्यांविरुद्ध असा आदेश दिला; न्यायालयाचे कमिशनर त्यांच्या जागांत शिरून तपासणी करू शकत होते. आपल्याकडे या बिननावी माणसाला पुढे ‘अशोक कुमार’ म्हणू लागले. नाव कोणाचेच नाही, म्हणजे ते कोणालाही लागू शकते.

या अशोक कुमाराचा खरा चेहरा शोधायचा कसा? आंतरजालाशी जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो, आयपी पत्ता. तो कोणत्या घटकेला कोणत्या ग्राहकाकडे होता, हे दूरध्वनी कंपनीच्या नोंदीत सापडते. पण असे आकडे कमी पडतात. म्हणून एकच पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून दिला जातो. वेळेची नोंद जरा इकडची तिकडे झाली, की एका पारगावचे पत्र दुसऱ्या पारगावला!

ही कल्पनेतली भीती नव्हे. २००७ साली ऑर्कुट या संकेतस्थळावर शिवछत्रपतींची बदनामी करणारे चित्र कोणीतरी टाकले. ज्यांचा जन्म आपल्या शिवनेरीवर झाला त्यांच्याविषयीचा तो मजकूर; लोकांत संताप उसळला यात नवल नाही. पुण्याच्या पोलिसांनी आयपी पत्ता मिळवला, दूरध्वनी कंपनीला ग्राहकाचे नाव विचारले, आणि बंगळुरात संगणकाचे काम करणाऱ्या एका तरुणाला पकडून आणले. तो सुमारे पन्नास दिवस तुरुंगात होता. मग कळले, की कंपनीने दिलेले नावच चुकीचे होते. हे प्रकरण कॉपीराइटचे नव्हते, हे खरे. पण चित्रपटाच्या चोराचा माग काढायचा रस्ताही तोच आहे: तोच आकडा, तीच नोंद, तोच कंपनीचा कारकून.

परदेशात तर हे मोठ्या प्रमाणावर झाले. २००३ साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी एका दमात २६१ जणांवर दावे लावले; त्यांत न्यूयॉर्कची बारा वर्षांची एक मुलगी सापडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील अपील न्यायालयाने ठरवले, की न्यायाधीशाकडे न जाता नुसत्या कागदी समन्सावर अशा ग्राहकांची नावे कंपन्यांना मागता येणार नाहीत. २००५ साली सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या चकत्या संगणकात घातल्या, की एक छुपी आज्ञावली मालकाला न कळवता आत जाऊन बसते, असे उघड झाले. नक्कल होऊ नये म्हणून ती घातलेली! ज्याने दाम मोजून चकती घेतली, त्याच्याच घरी ही पाळत. चोराने चकती घेतलीच नव्हती.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयात २०१६ साली ‘ढिशूम’ चित्रपटाचे प्रकरण आले, त्याचा मला विशेष आदर वाटतो. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट संकेतस्थळे बंद करायला नकार दिला. एकेक दुवा तपासा, प्रतिज्ञेवर सांगा, मग या, असे सांगितले. १३४ दुव्यांची तपासलेली यादी आली तेव्हाच त्यांनी आदेश दिला. त्याच सुमारास बंद केलेल्या पानांवर असा दम झळकू लागला होता, की हे पान पाहणेसुद्धा गुन्हा आहे. लोक घाबरले. न्यायमूर्तींनी स्पष्ट केले, की गुन्हा नुसते पाहण्यात नाही. हक्कदाराचे नुकसान होईल अशा वाटपात आणि जाहीर प्रदर्शनात आहे. प्रेक्षकाला त्यांनी पुन्हा वहीच्या बाहेर नेऊन बसवले, असे मी म्हणेन.

पण वही वाढतच आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर पाच वर्षांच्या आत, एप्रिल २०२२ मध्ये, केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने सेवा देणाऱ्यांना संगणकीय नोंदी १८० दिवस जपायला आणि आडपडद्याची, म्हणजे व्हीपीएनची, सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे ठेवायला फर्मावले. १८६७ चा तो जुना कायदा १ मार्च २०२४ पासून गेला. त्याच्या जागी आलेल्या नियतकालिकांच्या कायद्यात पुस्तकांची ती सक्तीची नोंद नाही. छापणारा सुटला, ऐकणारा अडकला.

राहिला २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे आणि ती कोणाला दिली, हे विचारण्याचा हक्क तो नागरिकाला देतो. मात्र त्याचे सतरावे कलम सवडीने वाचावे. एखादा कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी माहिती वापरणे आवश्यक असेल, तर हे विचारण्याचे हक्क तेथे लागू होत नाहीत. कॉपीराइट हाही कायदेशीर हक्कच आहे. तेव्हा पारगावच्या एखाद्या मुलाची नोंद उद्या मुंबईच्या कोण्या कंपनीच्या वकिलाने मिळवली, तर ‘माझे नाव कोणी, कशासाठी मागितले?’ असे तो मुलगा विचारू शकेल. त्याला उत्तर द्यायला या कायद्याने मात्र कोणी बांधलेले असणार नाही.