४.२ व्होल्ट : एका मर्यादेची जन्मकथा

छोट्या ड्रोनच्या लिथियम पॉलिमर बॅटरीवर ११.१ व्होल्ट छापलेले असते आणि तिच्या योग्य चार्जरवर १२.६. घाईत पाहणाऱ्याला यांतला एक आकडा चुकलेला वाटतो. दोन्ही बरोबर आहेत. त्या १२.६ मध्ये ४.२ हा आकडा तीनदा दडलेला आहे. तो कोठून आला, याचा हा धागा.

लिथियमपूर्वीच्या बॅटऱ्या सोशिक होत्या. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी शिसे व आम्लाची बॅटरी घडवली. १८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियमची. चार्जिंग थोडे जास्त झाले, तर पहिलीतले पाणी वायू होऊन उडे आणि दुसरी तापे. (घरच्या इन्व्हर्टरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, ते याचमुळे.)

१९७० च्या दशकात एक्सॉन कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइड वापरून लिथियमची बॅटरी तयार केली. तिचे व्होल्टेज अडीचच्या आसपास होते. सल्फाइडऐवजी ऑक्साइड घेतल्यास ते वाढेल, असा जॉन गुडइनफ यांचा कयास होता. १९८० मध्ये ऑक्सफर्डला त्यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणले आणि व्होल्टेज चारवर गेले.

खरी मेख याच पदार्थात आहे. त्याची रचना थरांची. चार्जिंग करणे म्हणजे त्या थरांमधून लिथियम बाहेर काढणे. सगळे काढले, तर थरांचा डोलारा टिकत नाही आणि ऑक्सिजन सुटू लागतो. सुमारे निम्मे काढून थांबावे लागते. समोर कार्बन असेल, तर हा थांबा ४.२ व्होल्टच्या आसपास येतो. म्हणजे ४.२ हा निसर्गनियम नव्हे. निम्मे लिथियम मुद्दाम न वापरण्याचा तो करार आहे.

कराराची किंमत १९८९ मध्ये कळली. कॅनडाच्या मोली एनर्जी कंपनीच्या बॅटऱ्यांत शुद्ध लिथियम धातू होता. वारंवार चार्जिंग करताना अशा धातूवर सुयांसारखे कोंब फुटतात आणि ते आतल्या आत शॉर्टसर्किट घडवू शकतात. जपानमध्ये त्या बॅटऱ्यांच्या मोबाइल फोनला आग लागली, माल परत मागवावा लागला आणि कंपनी कोसळली. जपानच्याच अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये धातूऐवजी कार्बन वापरून दाखवला होता. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेली बॅटरी याच वाटेची. मात्र मर्यादा ओलांडली, तर भरलेल्या कार्बनवर लिथियम पुन्हा धातू होऊन साचते. १९८९ चा धोका मागच्या दाराने परततो.

‘पॉलिमर’ या नावाने फसू नये. १९९० च्या दशकात अमेरिकेतील बेलकोर प्रयोगशाळेने द्रवाऐवजी प्लास्टिकमध्ये मुरवलेला जेलसारखा पदार्थ वापरला. पुढे धातूच्या डब्याऐवजी मऊ पाकीट रूढ झाले. रसायन तेच राहिले. म्हणून एका सेलचे सरासरी व्होल्टेज ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२. दोन सेलना ८.४, तिघांना १२.६, चौघांना १६.८.

विमानांच्या प्रतिकृती उडवणाऱ्यांकडे आधीपासून निकेल-कॅडमियमचे चार्जर होते. बॅटरी भरली की तिचे व्होल्टेज किंचित घसरते; तो चार्जर त्या घसरणीची वाट पाहतो. लिथियममध्ये ती घसरण येतच नाही, आणि चार्जर विद्युतप्रवाह रेटत राहतो. लिथियमच्या चार्जरची रीत निराळी आहे : आधी ठरावीक प्रवाह, मग ४.२ वर स्थिर व्होल्टेज, आणि प्रवाह क्षीण झाल्यावर थांबणे. येथे चूक साधारण ०.०५ व्होल्टपर्यंतच चालते. चार सेलचा चार्जर तीन सेलना जोडला, तर प्रत्येकाकडे ५.६ व्होल्टचा रेटा जातो. पुढचे सांगायला नको.

करार पुढेही बदलत राहिला. काही नव्या पॉलिमर बॅटऱ्यांना ४.३५ व्होल्ट चालतात. उलट गुडइनफ यांच्याच टेक्सासमधील गटाने, त्यात अक्षय पाधीही होते, १९९७ मध्ये लोह-फॉस्फेटचा पदार्थ प्रसिद्ध केला; त्याची मर्यादा सुमारे ३.६५. त्यामुळे १२.८ व्होल्ट छापलेली बॅटरी बहुधा चार लोह-फॉस्फेट सेलची असते आणि तिला १४.६ चा चार्जर लागतो. तोच चार्जर ११.१ च्या पॉलिमर बॅटरीला लावला, तर प्रत्येक सेलच्या वाट्याला ४.८७ व्होल्ट येतात.