मंगलाष्टकें आणि कॅमेरा

नाटकाची तालीम करतां येते, चित्रपटांतील प्रसंग दहा वेळां घेतां येतो. अंतरपाट मात्र एकदांच दूर होतो. लग्नाचें चलच्चित्र घेण्यासाठीं कोणतें यंत्र निवडावें, या प्रश्नाचा सारा इतिहास या एका अडचणीभोंवतीं फिरत आला आहे.

मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ सालीं हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. उघडी जागा, भरपूर ऊन आणि थोडक्यांत आटोपणारा विषय! मांडवांतील लग्न त्या यंत्राला झेपलें नसतें.

पुढें १९२३ सालीं कोडॅक कंपनीनें १६ मिलिमीटरची फीत काढली. ही फीत पूर्वीच्या फितीसारखी भडकन् पेट घेत नसे. त्यामुळें चलच्चित्र हौशी गृहस्थाच्या घरांत आलें. पण श्रोत्यांनीं घड्याळ समोर ठेवून हिशेब करून पाहावा. शंभर फुटांचें रीळ सेकंदाला २४ चित्रांच्या वेगानें पावणेतीन मिनिटांत संपे. १६ चित्रांच्या वेगानें तें चार मिनिटें पुरे. किल्लीच्या कॅमेऱ्याची स्प्रिंग तर अर्ध्याएक मिनिटांत उलगडून जाई. इकडे आठ मंगलाष्टकें संथ चालीवर म्हटलीं तर पांचसहा मिनिटें सहज जातात. आणि एखादी आत्या स्वरचित कवनाचा कागद घेऊन पुढें सरसावली म्हणजे विचारावयासच नको. १९३२ सालीं ८ मिलिमीटरची पद्धत निघाली. ती स्वस्त खरी, पण दोन मिनिटें झालीं कीं कॅमेरा उघडून रीळ उलटें घालावें लागे. तें नेमकें शेवटच्या ‘सावधान’ला आलें तर? म्हणून जाणता छायाचित्रकार पहिले सात श्लोक हात आवरून उभा राही. १९६५ च्या ‘सुपर एट्’नें ही उलटापालट टाळली, काळाची मर्यादा मात्र तीन मिनिटें वीस सेकंदांचीच राहिली.

प्रकाशाची अडचण निराळी. १९३५ सालच्या कोडाक्रोम फितीचे रंग मोहक होते, पण तिला प्रकाश फार लागे. गोरजमुहूर्ताच्या वधूवरांनीं काय करावें? शिवाय या साध्या फिती मुक्या. पडद्यावर आजीचे ओठ हलतांना दिसत. तिचा आवाज मात्र तिच्याबरोबरच गेलेला असे. हा तोटा कोणत्याहि भिंगानें भरून येण्यासारखा नव्हता.

तो भरून निघाला चुंबकीय फितीनें. सोनीच्या १९६७ च्या ‘पोर्टापॅक’मध्यें कॅमेरा हातांत आणि ध्वनिचित्रमुद्रक खांद्यास अडकविलेला, अशी कसरत होती. १९८४ सालीं जे.व्ही.सी.चा सुटसुटीत कॅमेरा आला, पण त्याची छोटी कॅसेट वीस-तीस मिनिटांतच संपे. १९८५ च्या सुमारास पूर्ण आकाराची व्ही.एच.एस. कॅसेट घेणारे खांद्यावरचे कॅमेरे मिळूं लागले आणि लग्नाच्या व्हिडिओवाल्यानें तेच उचलले. जड असले तरी खांद्यावर स्थिर राहत. एका कॅसेटवर तीन तास मावत. आणि तीच कॅसेट काढून वधूपित्याच्या हातीं देतां येई. नक्कल केली कीं चित्र फिकें पडे, म्हणून या शेवटच्या गुणाला मोल होतें. उजेडाची भूक मात्र भागली नव्हती. वायर ओढीत फिरणारा दिवेवाला आणि त्या झोतांत डोळे मिटलेली नवरी यांवांचून त्या काळची कॅसेट सहसा पुरी होत नसे!

१९९५ च्या सोनी व्हीएक्स-१००० या अंकीय कॅमेऱ्यानें नकलेचा दोष घालविला, पण त्याची लहान कॅसेट साठ मिनिटांची. २००८ सालीं कॅननच्या ‘फाइव्ह-डी मार्क टू’नें अंधुक मांडवांतहि देखणें चित्र दिलें, मात्र उत्तम प्रतीच्या चित्रणांत तो बारा मिनिटांच्या आसपास थांबे आणि पुन्हां कळ दाबावी लागे. स्थिरचित्रांसाठीं घडविलेल्या त्या यंत्रावर ध्वनीचा भरंवसा ठेवण्यापेक्षां अनेकांनीं तो वेगळ्या यंत्रावर टिपणें पसंत केलें. भटजींच्या पहिल्या श्लोकाबरोबर जुनें चित्रण थांबवून नवें सुरू करण्याची संवय लागली. पुढें एकाच वेळीं दोन कार्डांवर चित्र उतरविणारे कॅमेरे आले, तेव्हां लग्नें टिपणाऱ्यांनीं भिंगाच्याहि आधीं ती दुसरी खाच पाहण्यास सुरुवात केली.