एका 'मूर्ख' न्यायाधीशाची हकीकत

अमेरिकेतील न्यायाधीश म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे वॉशिंग्टनचे सर्वोच्च न्यायालय उभे राहते. मार्शल, होम्स ही नावे आपल्या वकीलमंडळींच्या तोंडी असतात. आज ज्याची हकीकत मी आपल्यापुढे मांडणार आहे, तो त्या उंच आसनावर कधी बसला नाही. उत्तर कॅरोलिना नावाच्या घटकराज्यात लहान लहान गावांतून फिरत खटले चालवणारा तो न्यायाधीश होता, आणि हे काम त्याने अवघी सहा वर्षे केले. नाव आल्बियन टूर्झे. त्याने धंदे काढले ते बुडाले, मासिक काढले ते बंद पडले, काँग्रेसच्या निवडणुकीला उभा राहिला तर पडला. आणि ज्या खटल्यामुळे कायद्याच्या पुस्तकांत त्याचे नाव राहिले, तो खटलाही तो हरला. मग अशा माणसाची हकीकत सांगावयाची कशाला, असे आपण विचाराल. कायद्याने दिलेली समता नेमकी कोठे अडते, ती जागा ह्या माणसाने जितक्या जवळून पाहिली तितकी फार थोड्यांनी पाहिली असेल. ती जागा म्हणजे जिल्ह्याच्या गावचे कोर्ट.

टूर्झेचा जन्म 1838 सालचा, ओहायो राज्यातला. मुलगा चौदा वर्षांचा असताना अपघातात त्याचा एक डोळा गेला. पुढे रॉचेस्टरच्या विद्यापीठात शिकत असता 1861 साली यादवी युद्ध पेटले आणि हा उत्तरेच्या सैन्यात भरती झाला. बुल रनच्या पहिल्याच लढाईत त्याच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. काही काळ पाय लुळे पडले होते. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. हा चालता होताच पुन्हा पलटणीत गेला, पुन्हा जखमी झाला, शत्रूच्या हाती सापडला, तुरुंगात राहिला, आणि 1863 च्या मे महिन्यात सुटून आला तो त्याच महिन्यात एमा किलबोर्न हिच्याशी विवाह करून मोकळा झाला! पाठीचे दुखणे मात्र जन्माचे सोबती झाले.

युद्ध संपले त्या वर्षीच, म्हणजे 1865 साली, तो बायकोसह उत्तर कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे राहावयास आला. उबदार हवा, स्वस्त जमीन आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या माणसांचा देश, अशी तिहेरी ओढ होती. तेथे त्याने रोपवाटिका काढली. दक्षिणेतील गोरे लोक अशा उपऱ्या उत्तरेकडच्यांना 'कार्पेटबॅगर' म्हणत. सतरंजीच्या कापडाची पिशवी खांद्याला लावून लुटायला आलेला, असा त्याचा अर्थ. ह्या शिवीला पात्र अशी माणसे त्या काळात आली नव्हती असे नाही. परंतु एकदा शिवी तयार झाली की ती माणूस पाहून दिली जात नाही.

1868 साली राज्याची नवी घटना तयार करण्यासाठी परिषद भरली. तिच्या 120 सभासदांत 15 कृष्णवर्णीय होते, आणि गिल्फर्ड काउंटीतर्फे टूर्झे निवडून आला होता. तीस वर्षांच्या ह्या तरुणाने परिषदेत फार मोठे काम केले. अधिकारपदासाठी मालमत्तेची अट नको, सर्व मुलांसाठी सार्वजनिक शाळा हव्यात, न्यायाधीश लोकांनी निवडावेत, ह्या सुधारणांच्या मागे त्याचा हात होता. त्यापूर्वी त्या राज्यात फटके मारणे, डाग देणे, कान कापणे अशा शिक्षा होत्या. नव्या घटनेने देहदंड, कैद, दंड आणि पदावरून दूर करणे एवढ्याच शिक्षा ठेवल्या, आणि देहदंडसुद्धा चारच गुन्ह्यांपुरता. दक्षिणेत इतके करणे ही लहान गोष्ट नव्हे. त्याच वर्षी नव्या नियमाप्रमाणे लोकांनी त्याला सुपीरियर कोर्टाचा न्यायाधीश म्हणून निवडले.

येथून खरी कसोटी सुरू होते. ज्यूरी म्हणजे काय हे 1959 सालच्या नानावटी खटल्यामुळे आपल्याकडे घरोघर ठाऊक झाले. अमेरिकेत न्यायाधीशाने कितीही न्यायबुद्धी दाखवली तरी दोषी की निर्दोषी हे ठरवणार गावातले बारा लोक. आरोपपत्रही गावातल्याच मोठ्या ज्यूरीने मंजूर करावयाचे. आरोपीला पकडून आणावयाचे ते गावच्या शेरीफने. साक्षीदारही गावचेच. आता कल्पना करा, की ह्या सगळ्यांत एक गुप्त शपथ शिरली आहे. कू क्लक्स क्लॅन ही ती संघटना. रात्री बुरखे घालून काळ्यांच्या आणि त्यांची बाजू घेणाऱ्या गोऱ्यांच्या घरांवर जावयाचे, चाबकाने फोडून काढावयाचे, प्रसंगी ठार मारावयाचे, आणि दिवसा एकमेकांसाठी खोटी साक्ष द्यावयाची. अलामान्स काउंटीचा शेरीफच त्यांच्यातला होता. अशा ठिकाणी न्यायाधीशाच्या हातात उरते काय? टूर्झेने ज्यूरीच्या यादीतून काळ्यांची नावे गाळू न देण्याचा आग्रह धरला, धमकीच्या चिठ्ठ्या खिशात घालून तो गावोगाव कोर्ट भरवीत राहिला. पण ज्याच्या घरावर रात्री दरोडा पडला त्याने सकाळी तोंडच उघडले नाही, तर न्यायाधीश काय करणार?

1870 च्या फेब्रुवारीत ग्रॅहम गावी वायट आउटलॉ ह्या काळ्या कार्यकर्त्याला घरातून ओढून नेऊन कोर्टाजवळच्या झाडाला फाशी दिले. तो सुतारकाम करी, गावाच्या कारभारात होता, आणि आपल्या लोकांचा पुढारी होता. एवढाच त्याचा अपराध. त्यानंतर 21 मे रोजी कॅसवेल काउंटीत, यान्सीव्हिल येथे, जॉन स्टीफन्स ह्या गोऱ्या सिनेटरचा खून झाला. तो कोठे झाला? कोर्टाच्या इमारतीत, भर दिवसा, वरच्या मजल्यावर विरोधी पक्षाची सभा चालू असता खालच्या खोलीत. स्टीफन्स हा टूर्झेचा मित्र. ज्या इमारतीत न्यायदान करावयाचे, तिच्याच भिंतींआड मित्राचे प्रेत पडलेले. टूर्झेने संतापून वॉशिंग्टनला सिनेटर ॲबट यांना पत्र लिहिले आणि आपल्या टापूतील अत्याचारांची यादी दिली. ते पत्र न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून'मध्ये छापले गेले. छापताना काही आकडे फुगले, असा खुलासा त्याला करावा लागला, आणि विरोधकांनी सगळे पत्रच खोटे ठरवले. आकड्यांतल्या चुकीचा आधार घेऊन मुडदे नाहीसे करण्याची ही युक्ती फार जुनी आहे.

राज्याचे गव्हर्नर होल्डन यांनी दोन काउंट्यांत बंडाळी जाहीर करून सैन्य पाठवले. त्याचा परिणाम असा झाला की 1871 साली विरोधी पक्षाने होल्डन यांच्यावरच महाभियोग चालवून त्यांना पदच्युत केले. टूर्झे मात्र कोर्टात ठाण मांडून बसला. त्याची चिकाटी अशी की शेवटी क्लॅनची माणसे फुटू लागली, कबुलीजबाब येऊ लागले, आणि अलामान्सच्या मोठ्या ज्यूरीने 63 जणांवर गंभीर आरोप ठेवले. त्यांपैकी 18 आउटलॉच्या खुनाबद्दलचे होते. सरकारी सैन्याला जमले नाही ते एका फिरत्या न्यायाधीशाने करून दाखवले.

आणि मग कायदेमंडळाने आपले हत्यार काढले. ज्या कायद्यांखाली बहुतेक आरोप ठेवले होते ते रद्द केले. पाठोपाठ 1873 साली माफीचा कायदा केला. खटले कोसळले. स्टीफन्सला कोणी मारले हे अधिकृतपणे गूढच राहिले. कटातला एक जण, जॉन ली, याने 1919 साली सगळी हकीकत लिहून दिली, पण ती मृत्यूनंतरच उघडावी ह्या अटीवर. 1935 साली ती उघडली, तेव्हा टूर्झे मरून तीस वर्षे झाली होती.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच 1873 साली जोतीराव फुले यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सज्जनांना, त्यांनी गुलामांना मुक्त केले म्हणून, कृतज्ञतेने अर्पण केले. ती कृतज्ञता योग्य जागीच पोहोचली होती. टूर्झेसारखी माणसे त्या सज्जनांतलीच. पण गुलाम मोकळा झाला तरी त्याच्या मारेकऱ्यालाही कायद्यानेच मोकळे करता येते, हा पुढचा धडा त्या वर्षी उत्तर कॅरोलिनात लिहिला जात होता.

टूर्झे निष्कलंक होता असे मी म्हणणार नाही. रेल्वेच्या रोख्यांच्या भानगडीत गाजलेल्या लिटलफील्ड नावाच्या दलालाकडून त्याने पैसे उसने घेतले होते. न्यायाधीशाने असल्या माणसाचे मिंधे होऊ नये. तो हट्टी होता, जिभेने तिखट होता, आणि व्यवहारात तर अगदीच कच्चा. पण त्याचे शत्रूही त्याची कायद्यातील गती मान्य करीत.

1879 साली त्याने दक्षिण सोडली. त्याच वर्षी त्याची कादंबरी निघाली. लेखकाचे नाव नाही, फक्त 'मूर्खांपैकी एक' अशी सही. उत्तरेतून दक्षिण सुधारायला गेलेल्या एका मूर्खाची ती कथा, म्हणजे आत्मकथाच. खप दीड-दोन लाखांच्या घरात गेला. आलेल्या पैशांतून त्याने न्यूयॉर्क राज्यात मेव्हिल येथे घर घेतले आणि त्याला 'थोरहाइम' असे नाव दिले. आपल्या मराठी डोळ्याला त्यात 'थोर' दिसतो. पण शब्द जर्मन आहे, आणि त्याचा अर्थ मूर्खाचे घर! दोन भाषांनी मिळून ह्या माणसाचे इतके नेमके वर्णन केलेले मला दुसरीकडे आढळले नाही.

त्या घरात असतानाच न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय नागरिकांची हाक आली. लुइझियानाने 1890 साली रेल्वेत गोऱ्यांना व काळ्यांना वेगळे डबे करण्याचा कायदा केला होता. त्याला आव्हान देण्यासाठी 7 जून 1892 रोजी होमर प्लेसी हा गृहस्थ गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. त्याच्या अंगात आठवा हिस्सा काळे रक्त. पाहणाऱ्याला तो गोराच वाटावा. टूर्झेने वकीलपत्र घेतले ते एक पैसा न घेता. त्याच्या युक्तिवादातला एक मुद्दा मला फार मार्मिक वाटतो. त्या कायद्यात अपवाद होता: गोऱ्या मुलाला सांभाळणारी काळी दाई गोऱ्यांच्या डब्यात बसू शकते. म्हणजे विटाळ रंगाचा नाही, टूर्झे म्हणाला. काळा माणूस नोकर म्हणून आला तर चालतो, बरोबरीचा प्रवासी म्हणून आला की चालत नाही. शिवशिवीचे नियम ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. न्यायदेवतेच्या डोळ्यांना पट्टी असते, तर तिची कन्या जी विधी तिला निदान रंग तरी दिसू नयेत, असेही त्याने लिहिले.

तो भाबडा नव्हता. 1893 सालीच त्याने न्यू ऑर्लिन्सला कळवले होते की नऊ न्यायमूर्तींत आपल्या बाजूचा म्हणून एकच ठाऊक आहे. खटला लांबू द्या, तोपर्यंत लोकमत तयार करू. लोकमत तयार झाले नाही. 18 मे 1896 रोजी सात विरुद्ध एक मतांनी प्लेसी हरला. पुढच्या जानेवारीत त्याने 25 डॉलर दंड भरला. एकटे न्यायमूर्ती हार्लन विरुद्ध गेले, आणि घटनेला रंग दिसत नाहीत हे त्यांचे प्रसिद्ध वचन त्या मतपत्रिकेतले. टूर्झेच्या निवेदनाचा पडसाद त्यात स्पष्ट ऐकू येतो. हा निकाल शाळांच्या बाबतीत 1954 साली मोडला गेला, आणि प्लेसीला लुइझियानाच्या गव्हर्नरांनी मरणोत्तर माफी दिली ती 2022 साली.

खटल्यानंतर टूर्झे थकला होता. 1897 साली अध्यक्ष मॅकिन्ली यांनी त्याला फ्रान्समध्ये बोर्दो येथे वकिलातीवर नेमले. तेथेच 21 मे 1905 रोजी, युद्धातल्या जुन्या जखमेच्या दुखण्याने, त्याचा अंत झाला. स्टीफन्सच्या खुनाची तीच तारीख. त्या वर्षी ड्युबॉइस प्रभृतींनी नायगारा चळवळ सुरू केली होती. नोव्हेंबरात त्या तरुण कृष्णवर्णीयांनी आपल्या मित्रांच्या स्मरणार्थ ठिकठिकाणी सभा भरवल्या, आणि गॅरिसन व फ्रेडरिक डग्लस यांच्याबरोबर तिसरे नाव घेतले ते टूर्झेचे.