महिला नेतृत्वविकास (ग्रामीण वऱ्हाड)

महिला नेतृत्वविकास (ग्रामीण वऱ्हाड) : कामाच्या जागी अनुभवी स्त्रीने नवख्या स्त्रीला हाताशी धरून कामात मुरवणे, जबाबदारीच्या पदापर्यंत आणणे आणि त्या पदावर टिकवणे, ही प्रक्रिया. शहरातल्या कंपन्यांत तिला ‘मेंटॉरिंग’ असे भारदस्त नाव आहे. गावात नाव नाही. ‘ताईनं शिकवलं’ एवढ्यावर भागते. ही नोंद वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी हे गाव डोळ्यांपुढे ठेवून केली आहे. हे गाव एकमेव आहे म्हणून नव्हे, तर वऱ्हाडातल्या शेकडो गावांत बायकांचे काम आणि त्यांचे पुढारपण ज्या चार-पाच ठिकाणी घडते, ती ठिकाणे अशा गावात एका फेरीत पाहता येतात म्हणून.

वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. कापूस, सोयाबीन आणि तूर ही इथली पिके. मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचे तांडे मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांचे श्रद्धास्थान पोहरादेवी याच तालुक्यात आहे. 2018 मध्ये केंद्राने विकासात मागे पडलेले म्हणून निवडलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत महाराष्ट्रातील चार होते : गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि वाशिम. कारखाने थोडे, नोकऱ्या त्याहून थोड्या. त्यामुळे ‘कामाची जागा’ म्हटल्यावर इथे कचेरी आणि खुर्ची शोधू नये. वावर, अंगणवाडीची खोली, ग्रामपंचायतीचे कार्यालय, बँकेची शाखा आणि बचतगटाची बैठक भरते तो देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा व्हरांडा, या इथल्या कामाच्या जागा.

यांतली सर्वांत जुनी जागा वावर. कापसाची वेचणी, निंदण, सोयाबीनची सोंगणी यांसाठी बाया जमवणारी एक बाई प्रत्येक वस्तीत असते. शेतकरी तिला आदल्या दिवशी सांगतो. ती दहा घरी निरोप देते, मजुरी ठरवते, वेचलेल्या कापसाच्या वजनात काटा मारला तर भांडते, एखादीचे लेकरू आजारी असेल तर दुसरी उभी करते. माणसे जमवणे, भाव ठरवणे, वाद मिटवणे ही नेतृत्वाची तिन्ही अंगे तिच्यात असतात. कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत मात्र तिची दखल नाही. गट बांधायला बाहेरून आलेल्या कार्यकर्तीने हिला वगळले, तर गट फार दिवस चालत नाही.

पूर्वपीठिका : एका स्त्रीने दुसरीला घडवण्याची रीत महाराष्ट्रात नवी नाही. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनने स्त्रियांना परिचारिका आणि शिक्षिका म्हणून उभे केले. पुण्याजवळच्या हिंगण्याच्या विधवाश्रमात पार्वतीबाई आठवले आश्रित विधवा म्हणून आल्या आणि पुढे आश्रमासाठी निधी जमवत परदेशापर्यंत गेल्या. या विषयाला सर्वांत जवळची जोडी मात्र ताराबाई मोडक (1892–1973) आणि अनुताई वाघ (1910–1992) यांची. लग्नानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले तेव्हा अनुताई सोबत आल्या. पुढे काम कोसबाडला गेले आणि ताराबाईंनंतरही अनुताईंनी ते चालवले. ‘अंगणवाडी’ ही कल्पना या दोघींच्या कामातून रुजली. आज गावोगाव जी पाटी दिसते, तिच्यामागे गुरू-शिष्येची एक जोडी आहे, हे अंगणवाडी सेविकांनाही क्वचितच सांगितले जाते.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने हीच रीत आरोग्यात आणली. गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका केले आणि जुन्या सेविकांना नव्यांच्या शिक्षिका. डॉक्टरने सांगितलेले विसरले जाते, आपल्यासारख्या बाईने सांगितलेले लक्षात राहते, हा तिथला अनुभव. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या स्त्रियांकडून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत बसवली, ती पुढे देशभरच्या ‘आशा’ या आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणात आली.

बचतगट आणि उमेद : इंझोरीसारख्या गावात स्त्रियांच्या नेतृत्वाची खरी शाळा म्हणजे बचतगट. नाबार्डने 1992 मध्ये गट आणि बँक यांना जोडण्याचा प्रयोग 500 गटांवर केला. महाराष्ट्रात 1975 मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने (माविम) गटांच्या वर ‘लोकसंचालित साधन केंद्र’ ही पायरी बांधली आणि गटांना भेटी देणारी ‘सहयोगिनी’ नेमली. ही केंद्रे राज्यात तीनशेहून अधिक आहेत. 2011 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आले. त्याचे महाराष्ट्रातले नाव ‘उमेद’. गट, गटांचा ग्रामसंघ आणि ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी त्याची उतरंड आहे.

उमेदच्या पद्धतीत या नोंदीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे ‘वर्धिनी’. ही अधिकारी नसते. दुसऱ्या तालुक्यातल्या किंवा जिल्ह्यातल्या मुरलेल्या गटाची ही सदस्य. कर्ज काढलेली, फेडलेली, घरच्यांचा विरोध पचवलेली. साधारण पंधरा दिवसांच्या फेरीवर ती नव्या गावात येते, तिथेच राहते, घरोघर जाते आणि गट बांधून परत जाते. ही रीत आली संयुक्त आंध्र प्रदेशातून. तिथल्या ‘सर्प’ या संस्थेने गरीब बायकांकडूनच गरीब बायकांचे संघटन करण्याचा मार्ग आधी मळला होता. वर्धिनी गटाचे फायदे सांगते ते ऐकले जातेच, पण बायका तिच्याकडून जास्त शिकतात ते तिला पाहून. आपल्याच वयाची, आपल्यासारखीच मजुरीला जाणारी बाई नवरा-लेकरे घरी ठेवून पंधरा दिवस परगावी राहते आणि पुरुषांनी भरलेल्या ग्रामपंचायतीत उभी राहून बोलते, हे दृश्य कितीही चांगल्या भाषणाला भारी पडते.

वर्धिनी गेल्यावर तिचे काम गावातली ‘समुदाय संसाधन व्यक्ती’ पुढे नेते. एवढे लांब नाव कोणी घेत नाही. सगळ्या तिला ‘सीआरपी ताई’ म्हणतात. ती शिकवते ती ‘दशसूत्री’. पहिली पाच सूत्रे पैशाची : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि चोख लेखे. पुढची पाच आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग, शासकीय योजना आणि शाश्वत उपजीविका यांची. कागदावर ही यादी कोरडी वाटते. बैठकीत मात्र तिच्या आत दुसरीच शिकवणी चाललेली असते. गोल बसायचे, म्हणजे मागची रांग उरत नाही. ओळख स्वतःच्या नावाने करून द्यायची, अमक्याची सून म्हणून नाही. अंगठ्याच्या जागी सही. मग इतिवृत्त वाचायचे, मोठ्याने. ज्या बाईने सासरी कधी मोठ्याने काही वाचलेले नाही, तिचा आवाज पहिल्यांदा कापतो. चौथ्या बैठकीला कापत नाही. अध्यक्ष आणि सचिव ही पदे फिरती ठेवण्याचा नियम याचसाठी आहे. तो पाळला जातो की नाही यावरून गट जिवंत आहे की एकाच घराचा झाला आहे, हे ओळखता येते.

याच्या पुढची पायरी बँक. अनेक बायकांना बँकेच्या काउंटरची भीती कर्जाच्या रकमेपेक्षा मोठी असते. ‘बँकसखी’ ही गटातूनच निवडलेली बाई शाखेत बसते, कागद पाहते, साहेबांशी बोलायला शिकवते. तिच्याखेरीज शेतीसाठी कृषीसखी, शेळ्या-कोंबड्यांसाठी पशुसखी, ग्रामसंघाचा हिशेब ठेवणारी लिपिका असे सखीवर्ग आहेत. लसीकरणाच्या दिवशी शेळी घट्ट धरून उभी असलेली पशुसखी आणि तिच्याकडे सल्ला मागणारे पुरुष, हे चित्र वऱ्हाडात आता नवलाचे राहिलेले नाही. नेतृत्व मिळते ते पदाने कमी आणि इतरांना हवे असलेले कसब हाताशी असल्याने जास्त, याचा हा उत्तम पुरावा मानावा.

अंगणवाडी आणि आशा : इथे उतरंड सरकारी आहे. मदतनीस, तिच्यावर सेविका, आणि सुमारे पंचवीस अंगणवाड्यांवर मुख्यसेविका. पात्र मदतनिसीला सेविका होता येते. मुख्यसेविकेच्या काही जागा सेविकांमधून भरण्याची तरतूद आहे. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या आशांना कामात सांभाळणारी ‘गटप्रवर्तक’ असते. चांगली गटप्रवर्तक आशेसोबत बाळंतिणीच्या घरी जाते आणि परतीच्या वाटेवर काय चुकले ते सांगते. वाईट गटप्रवर्तक फक्त अहवाल मागते. अहवालांचा आणि मोबाइल अ‍ॅपचा भार वाढत चालला तसे दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण वाढणार, यात गटप्रवर्तकांचा दोष थोडा. 2024 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरून घेण्याचे कामही याच बायकांवर आले आणि त्यासाठी अर्जामागे 50 रुपये जाहीर झाले. कामे अंगावर येतात. शिकवायला लागणारा वेळ मात्र कोणाच्याच हिशेबात नसतो.

या क्षेत्रात नेतृत्व घडवणारी आणखी एक शाळा आहे, आणि तिचा अभ्यासक्रम शासनाने आखलेला नाही : संघटना. 2023 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आशा आणि गटप्रवर्तकांचा राज्यभर संप झाला. अंगणवाडी सेविका-मदतनिसांचा संप 4 डिसेंबर 2023 रोजी सुरू होऊन पन्नासहून अधिक दिवस चालला. तालुक्याची यादी करणे, वर्गणी गोळा करणे, गाडी ठरवणे, निवेदन लिहिणे, अधिकाऱ्यापुढे मागणीवरून मागे न हटणे, हे सगळे जुन्या कार्यकर्तीकडून नवी शिकते. नेतृत्वविकासाच्या सरकारी अहवालांत याचा उल्लेख सापडणार नाही; या नोंदीत तो वगळणे योग्य ठरले नसते.

ग्रामपंचायत : 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या, महाराष्ट्राने 2011 मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. निवडून आलेल्या स्त्रियांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याची यशदा ही शासकीय प्रशिक्षण संस्था, राज्य निवडणूक आयोगाचा ‘क्रांतिज्योती’ उपक्रम आणि महिला राजसत्ता आंदोलन यांनी काम केले आहे. यांतले बरेचसे प्रशिक्षण दोन-तीन दिवसांच्या शिबिराचे असते. शिबिरात कायदा कळतो, पण ठराव कसा मांडायचा आणि ग्रामसेवकाकडून वही कशी मागून घ्यायची, हे आधी सरपंच राहिलेली बाईच सांगू शकते. वऱ्हाडात ही साखळी कच्ची आहे. आरक्षण फिरते असल्याने एका मुदतीत पद सांभाळून तयार झालेली बाई पुढच्या मुदतीला बाजूला पडते आणि तिचा अनुभव कोणी विचारत नाही. ‘सरपंचपती’ हा शब्द मराठीत रुळला, यातच बरेच आले.

टिकवण्याचा प्रश्न निवडून आणण्याइतकाच अवघड. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंचाला अपात्र ठरवणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये रद्द केला, तेव्हा गावकऱ्यांना बाई सरपंच म्हणून सहन होत नव्हती, असे निरीक्षण न्यायालयाने नोंदवले. तांड्यात नायक आणि कारभारी ही परंपरेची पदे पुरुषांकडे राहिली आहेत. तिथल्या बाईला पंचायत आणि तांडा अशा दोन पुढारपणांशी एकदम जुळवून घ्यावे लागते. गटातून आलेली बाई पंचायतीत टिकण्याची शक्यता जास्त, असे कार्यकर्त्या सांगतात, आणि त्यात तथ्य वाटते : तिच्यामागे सही करायला शिकलेल्या दहा बायका असतात.

मर्यादा : वर वर्णन केलेल्या पद्धतीची ताकद आणि दुबळेपणा एकाच ठिकाणी आहेत. शिकवणारी शेजारची बाई आहे म्हणून शिकणे सोपे जाते. आणि ती शेजारची बाई आहे म्हणूनच तिला नोकरदार मानले जात नाही. 2023 मध्ये राज्य शासनाने गटांचा फिरता निधी 15,000 वरून 30,000 रुपये केला आणि समुदाय संसाधन व्यक्तीचे मासिक मानधन 3,000 वरून 6,000 रुपये. महिन्याला सहा हजार म्हणजे दिवसाला दोनशे रुपये. शिवाय हिशेबाच्या वह्या अजूनही पुष्कळ गटांत नवरा किंवा मुलगा लिहितो, आणि कर्जाच्या हप्त्यामागे लागता लागता बैठक वसुलीपुरती उरते. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अहवालांत ज्या ‘महिला नेतृत्वा’चे कौतुक असते, त्याचा रोजचा खर्च अशी बाई स्वतःच्या वेळेतून आणि स्वतःच्या पायांनी भागवते.

आशा, गटप्रवर्तक, अंगणवाडी सेविका आणि समुदाय संसाधन व्यक्ती या चौघी मानधनावर किंवा कंत्राटावर काम करतात. यांपैकी एकीलाही शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा नाही.