लिनक्सवर कस्टम कीबोर्ड शॉर्टकट चालत नाही? आधी हे तपासा

मी सुपर (विंडोजचा लोगो असलेलं बटण) आणि बी या जोडीवर बॅकअपची स्क्रिप्ट लावली होती. रोज संध्याकाळी दाबायचो आणि लॅपटॉप बंद करायचो. तीन आठवड्यांनी प्रोजेक्टचं फोल्डर चुकून डिलीट झालं, तेव्हा कळलं की बॅकअप एकदाही झालाच नव्हता. फोनवर ॲप बंद पडलं तर निदान मेसेज येतो. इथे कमांड फसली तरी स्क्रीनवर काहीच दिसत नाही.

खालची माहिती उबंटूच्या ग्नोम डेस्कटॉपसाठी आहे. सेटिंग्ज, मग कीबोर्ड, मग शॉर्टकट्सची यादी उघडा. कस्टम शॉर्टकट्स सगळ्यात खाली असतात.

१. चूक बटणांत की कमांडमध्ये?

शॉर्टकटमधली कमांड काढून तिथे तात्पुरती कॅल्क्युलेटरची कमांड टाका (ग्नोम-कॅल्क्युलेटर, इंग्रजी अक्षरांत). कॅल्क्युलेटर उघडला तर बटणं ठीक आहेत, चूक तुमच्या कमांडमध्ये आहे. नाही उघडला तर बटणं बघा.

२. बटणांची अडचण

ती जोडी आधीच दुसऱ्या कामाला असू शकते. सुपर-एल स्क्रीन लॉक करतं. सुपर-स्पेसने कीबोर्डची भाषा बदलते. ते 'रिप्लेस' केलंत तर मराठी-इंग्रजी अदलाबदल बंद पडेल. लॅपटॉपचं एफएन बटणही टाळा, बऱ्याचदा ते सिस्टिमपर्यंत पोहोचतच नाही.

३. कमांडची अडचण

माझी चूक इथेच होती. टर्मिनलमध्ये टिल्ड (~) लिहिलं की शेल त्याचा अर्थ होम फोल्डर असा लावतं. शॉर्टकटची कमांड शेलमधून जातच नाही. त्यामुळे टिल्ड, डॉलरवाले व्हेरिएबल, पाइप, दोन अँपरसँड यातलं काहीच चालत नाही. उपाय सोपा आहे: सगळं एका स्क्रिप्ट फाइलमध्ये लिहा आणि शॉर्टकटमध्ये त्या फाइलचा /होम पासूनचा पूर्ण पाथ द्या. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ती प्रोग्राम म्हणून चालवायची परवानगीही द्या.

बॅशआरसी फाइलमधले एलियस आणि पाथही इथे लागू होतीलच असं नाही. म्हणून स्क्रिप्टच्या आतही पूर्ण पाथ लिहिलेले बरे.

४. वेलँडची अडचण

एक्सडूटूल, एक्सबाइंडकीज ही टूल्स जुन्या एक्स११ साठी बनली आहेत. वेलँडवर ती नीट चालत नाहीत. तुमच्याकडे काय आहे ते सेटिंग्जच्या 'अबाउट'मध्ये, 'विंडोइंग सिस्टिम'समोर दिसेल.

शेवटचं, पण महत्त्वाचं

स्क्रिप्टच्या शेवटी नोटिफाय-सेंड ही कमांड टाका. मात्र काम यशस्वी झालं तरच 'बॅकअप झाला' असं नोटिफिकेशन येईल, अशी अट घाला. आता मी ते नोटिफिकेशन बघितल्याशिवाय लॅपटॉप बंद करत नाही.