सोने मालकाचे, किल्ली विश्वस्ताची

५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी फर्मान काढले की, प्रत्येकाने आपल्याजवळची सोन्याची नाणी, लगडी व सुवर्णपत्रे १ मेपर्यंत बँकेत भरणा करून औंसाला २०.६७ डॉलर या दराने मोबदला घ्यावा. आणि हा हुकूम मोडणाऱ्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दहा वर्षांपर्यंतची कैद, किंवा दोन्हीही, शिक्षा ठरली. अंगावरचे दागिने मात्र या कक्षेबाहेर राहिले. पुढच्याच जानेवारीत सरकारने तो दर ३५ डॉलर केला, आणि ज्यांनी इमानाने सोने नेऊन दिले होते त्यांच्या पदरी जुन्या भावाचे कागदी चलन तेवढे उरले. याला मी अन्यायच म्हणेन. आपल्याकडे १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने सराफकट्ट्यावर जी अवकळा आली, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या लोकांची व्यथा समजावून सांगावी लागणार नाही.

अमेरिकेतली ती बंदी ३१ डिसेंबर १९७४ रोजी उठली. त्याच वर्षी दुसरीही एक घटना घडली होती. डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंड येथील स्टुडबेकर मोटार कारखाना बंद पडून हजारो कामगारांच्या निवृत्तिवेतनाची वाताहत झाली, तेव्हापासून निकड भासत असलेला निवृत्तिवेतनाच्या संरक्षणाचा कायदा २ सप्टेंबर १९७४ रोजी मंजूर झाला. आणि ज्यांना मालकाकडून निवृत्तिवेतनाची सोय नव्हती, त्यांना १ जानेवारी १९७५ पासून वर्षाला १५०० डॉलरपर्यंत करमुक्त रक्कम स्वतःच्या निवृत्तिखात्यात ठेवण्याची मुभा मिळाली. सोने बाळगण्याचा हक्क आणि म्हातारपणाची ही पुंजी यांच्या जन्मात एका रात्रीचे अंतर आहे.

जानेवारी १९८० मध्ये सोने ८५० डॉलरला भिडले. १९८१ च्या कायद्याने मात्र चित्रे, गालिचे, रत्ने, टपालतिकिटे, मद्य यांच्याबरोबर धातू आणि नाणी यांनाही संग्राह्य वस्तूंत गणून, खात्यातून ती घेणे म्हणजे ती रक्कम काढून घेणेच, असे ठरवले. वार्धक्यासाठी दिलेली करसवलत दिवाणखान्याच्या शोभेवर खर्च होऊ नये, हा त्यामागचा हेतू मला रास्त वाटतो. १९८६ मध्ये सरकारी टांकसाळीच्या ‘ईगल’ नाण्याला अपवाद मिळाला. २२ कॅरेटचे हे एक औंसाचे नाणे तळहातावर घेतले, तर वजनाला तीन तोळ्यांहून किंचितच हलके भरते. त्याच कसाचा दक्षिण आफ्रिकेचा क्रुगरँड मात्र या खात्यात चालत नाही. १९९७ च्या कायद्याने लगडींनाही दार उघडले, पण दोन अटींवर : कस किमान ९९.५ टक्के असावा आणि लगड प्रत्यक्ष विश्वस्ताच्या ताब्यात असावी.

या दुसऱ्या अटीतून रखवालीचा एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. रखवालदाराच्या कोठारात लगड आली की तिच्यावरचा शुद्धीकरणशाळेचा छाप, वजन, कस आणि क्रमांक तपासून नोंदवहीत दाखल होतो. स्वतंत्र साठ्यात मालकाला त्याच क्रमांकाची लगड परत मिळते. सामाईक साठ्यात, पेवातल्या धान्याप्रमाणे, तितक्याच वजनाची आणि त्याच जातीची. स्वतंत्र साठ्याचे भाडे अधिक पडते. पण ज्याने आयुष्यभराची मिळकत त्यात घातली, त्याने तेवढे द्यावे असे मला वाटते.

घरातली तिजोरी सोडवेना, म्हणून काहींनी आडमार्ग धरला. खात्याच्या नावे एक कंपनी काढायची, तिच्या नावे नाणी घ्यायची आणि ती आपल्याच घरी ठेवायची. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या कर न्यायालयाने अशा एका दांपत्याच्या बाबतीत निर्णय दिला की, कागदोपत्री मालकी कोणाचीही असली तरी नाण्यांवर निर्वेध ताबा त्यांचाच होता. सबब ती रक्कम खात्यातून निघाली असे समजून तिच्यावर कर द्यावा लागेल.

वयाची साडेएकोणसाठ वर्षे पूर्ण झाली की मालक दंडाशिवाय आपले सोने मागवू शकतो. त्या दिवसाच्या बाजारभावाने त्याची किंमत उत्पन्नात धरली जाते, नोंदवहीतला क्रमांक खोडला जातो आणि विमा उतरवलेली पेटी घरपोच येते.